स्पष्टीकरण न देणारी कादंबरी वाचकाला काय देते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकाने गेल्या काही वर्षांत गाजलेल्या ‘क्लारा अँड द सन’, ‘पिरानेसी’ आणि ‘प्रॉफेट साँग’ या तीन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. तिन्ही आवडल्या, पण तिन्हींनी कुठेतरी फसवल्यासारखेही वाटले. क्लाराच्या जगात मुलांवर नेमकी कोणती प्रक्रिया केली जाते हे धड कळत नाही, पिरानेसी राहतो त्या अफाट घराचा खुलासा एका पात्राच्या तर्कापलीकडे जात नाही, आणि आयर्लंडमध्ये हुकूमशाही कशामुळे आली हे तर कोणी सांगतच नाही. विज्ञानकथेचे चाहते अशा पुस्तकांना कच्ची विज्ञानकथा म्हणतात, वाङ्मयीन कादंबरीचे चाहते त्यांनाच श्रेष्ठ ठरवतात. मग स्वतःचे मत बनवायचे ते कोणत्या निकषावर, आणि यापुढे काय वाचावे?

कादंबऱ्यांची हस्तलिखिते तपासणे आणि परभाषेतील कादंबऱ्यांचे अनुवाद करणे हेच गेल्या बावीस वर्षांचे माझे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो. लेखक एखादे चमत्कारिक जग उभे करतो, त्यातले अर्धे सांगतो आणि अर्धे झाकून ठेवतो. तेव्हा झाकलेले अर्धे त्याने खरोखर जोखले आहे का, आणि ते झाकण्याचा त्याला अधिकार पोहोचतो का, हे मला ठरवावे लागते. या कामातून माझ्या हाती एक कसोटी लागली आहे आणि ती मी समीक्षेतल्या कोणत्याही परिभाषेपेक्षा अधिक विश्वासाने वापरते : पुस्तकातले मौन निवेदकाचे आहे की लेखकाचे? निवेदकाला जे माहीत असणे शक्यच नाही, किंवा जे सांगायला त्याच्यापाशी शब्दच नाहीत, ते पुस्तकात आले नाही तर माझी तक्रार नसते; उलट ते आले तर मी समासात प्रश्नचिन्ह काढते. मात्र निवेदकाला जे पुरते ठाऊक असायला हवे ते लेखकाने केवळ गूढता टिकवण्यासाठी किंवा स्वतःची मेहनत वाचवण्यासाठी गाळले असेल, तर वाचकाला जे खटकते ते योग्यच खटकते.

आपल्या अपेक्षा कुठून येतात हेही आधी पाहिले पाहिजे. मराठी वाचकाची विज्ञानकथेची आवड जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर अशा लेखकांनी घडवली. त्या कथांत बहुतेकदा एखादे वैज्ञानिक तत्त्व असते, त्यातून पेच उभा राहतो आणि शेवटाकडे खुलासा मिळतो; तो खुलासा समजणे हाच वाचनातला मोठा आनंद असतो. ही परंपरा मला मनापासून प्रिय आहे आणि तिच्यात आजही उत्तम लेखन होते. लिऊ त्सशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही चिनी कादंबरी केन लिऊ यांच्या इंग्रजी अनुवादातून २०१४ मध्ये जगापुढे आली आणि २०१५ मध्ये विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळवणारी ती पहिली अनुवादित कादंबरी ठरली. एका प्रोटॉनच्या मिती उलगडून त्याच्यावर संगणक कोरण्याचा प्रसंग त्यात आहे. तो वाचताना पात्रे पुठ्ठ्याची आहेत याचे मला काहीच वाटले नाही, कारण तेथे कल्पनेचा उलगडा हेच नाट्य आहे. तेथे लेखकाने ‘हे कसे घडते ते सांगणार नाही’ अशी भूमिका घेतली असती तर पुस्तक कोसळले असते. म्हणजे स्पष्टीकरण हवे किंवा नको असा सरसकट नियम नाही. पुस्तक कोणाच्या तोंडून बोलते यावर ते अवलंबून आहे.

आता क्लाराकडे येते. काझुओ इशिगुरो यांना २०१७ मध्ये नोबेल मिळाल्यानंतरची ही पहिली कादंबरी, २०२१ ची. निवेदक आहे क्लारा, म्हणजे मुलांच्या सोबतीसाठी विकत घेतली जाणारी, सूर्यप्रकाशावर चालणारी यंत्रसखी. तिला जगाचे ज्ञान दुकानाच्या काचेतून दिसते तेवढेच. रस्त्यावरची माणसे हातात ज्या वस्तू धरून असतात त्यांना ती ‘आयत’ म्हणते. फोन हा शब्द तिच्या मनात उमटत नाही. गोंधळ वाढला की तिच्या डोळ्यांपुढचे दृश्य चौकटींत फुटते आणि एकाच चेहऱ्याचे दोन तुकडे वेगवेगळे भाव दाखवू लागतात. सूर्य संध्याकाळी शेतापलीकडच्या कोठारामागे जातो, म्हणून तो रात्री त्या कोठारात विसावा घेत असणार, असा निष्कर्ष ती काढते. रस्त्यावरचा एक भिकारी आणि त्याचा कुत्रा निश्चल पडलेले तिने पाहिले होते आणि ऊन आल्यावर ते हलताना दिसले. म्हणून सूर्य मेलेल्याला जिवंत करू शकतो, हा दुसरा निष्कर्ष. दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत, निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्या चुकांवर तिची अख्खी श्रद्धा उभी राहते. श्रद्धा जन्माला येताना इतक्या जवळून मी दुसऱ्या कोणत्याही अलीकडच्या कादंबरीत पाहिलेली नाही. मुलांवर होणाऱ्या प्रक्रियेचा तपशील क्लाराला कोणी सांगितलेला नाही, कारण घरातल्या यंत्राला असे कोणी सांगत नसते. ते मौन पूर्णपणे तिचे आहे.

या कादंबरीची काही पाने मी केवळ सरावासाठी मराठीत करून पाहिली, आणि तिचे मोठेपण मला तेव्हा अधिक कळले. इंग्रजीत क्लारा सूर्यासाठी ‘he’ (तो) हे पुरुषवाचक सर्वनाम वापरते आणि शब्द मोठ्या अक्षराने लिहिते. इंग्रजी वाचकाला त्यातून लगेच जाणवते की ही कोणा व्यक्तीविषयी बोलते आहे. मराठीत सूर्य मुळातच पुल्लिंगी आणि लिपीत मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे ‘सूर्य उगवला, तो वर आला’ असे लिहिले की क्लाराची सगळी श्रद्धा हवेत विरून जाते. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी ‘सूर्यनारायण’ लिहिले आणि दुसऱ्या दिवशी ते खोडले. त्या शब्दाबरोबर हजारो वर्षांची पूजा आयती येते, आणि क्लाराची गोष्ट तर अशी आहे की तिने तिचा देव एकटीने, दुकानाच्या फरशीवर पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यावरून घडवला आहे. शेवटी मी साधा ‘सूर्य’ हा शब्द ठेवून क्रियापद आदरार्थी केले : ‘सूर्य आले होते. सूर्य आज लवकर निघून गेले.’ कानाला ते खटकते, आणि खटकायलाच हवे. क्लारा जिची सोबत करते त्या जोसी या मुलीच्या आईसाठी मात्र मला अजून समाधानकारक पर्याय सापडलेला नाही. क्लारा तिला नेहमी ‘द मदर’ म्हणते. मराठीत नुसते ‘आई’ लिहिले की ती क्लाराचीच आई होऊन बसते, आणि ‘जोसीची आई’ लिहिले की एका पदाचे साधे नाते होते. ज्या पुस्तकात एका सर्वनामावर एवढे काही टांगलेले आहे, त्यात विज्ञान कच्चे आहे म्हणून रुष्ट होणे मला जमत नाही.

याच लेखकाची २००५ मधली ‘नेव्हर लेट मी गो’ ज्यांनी वाचली नसेल त्यांनी ती आधी वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिच्याविषयी सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे अवयव देण्यासाठीच वाढवलेली ही मुले पळून का जात नाहीत. त्याचे उत्तर त्यांच्या शब्दसंग्रहात आहे. अवयव काढून घेणे हे त्यांच्या बोलीत ‘दान’, त्यांची शुश्रूषा करणारा ‘काळजीवाहक’, आणि मरणे म्हणजे ‘पूर्ण होणे’. एकतीस वर्षांची निवेदिका कॅथी अगदी सुरुवातीलाच आपण अकरा वर्षांहून अधिक काळ काळजीवाहक आहोत असे सांगते, आणि त्यात नोकरीचा साधा अभिमान असतो. ज्याच्यापाशी ‘खून’ हा शब्दच नाही तो कशापासून पळणार? कुंपण आणि पहारेकरी रंगवायला चार प्रकरणे लागली असती. ते काम तीन-चार सौम्य शब्दांनी केले आहे.

‘प्रॉफेट साँग’च्या बाबतीत मात्र तुमची तक्रार मला बरीचशी मान्य आहे. पॉल लिंच यांच्या या कादंबरीला २०२३ चे बुकर मिळाले. डब्लिनमधली आयलिश स्टॅक, तिची चार मुले, शिक्षक संघटनेत काम करणारा नवरा. एका रात्री दारावर थाप पडते आणि नवऱ्याची चौकशी सुरू होते. परिच्छेद जवळजवळ नाहीत, संवादांना अवतरणचिन्हे नाहीत. कोणाचे बोलणे कुठे संपले आणि भीती कुठे सुरू झाली हे वेगळे करता येत नाही, आणि ही मांडणी विषयाला शोभते. पुस्तकाचे खरे बळ आणखी एका ठिकाणी आहे : निघून जाण्याची वेळ ओळखता न येणे. कॅनडातली बहीण निघ म्हणते, पण इकडे स्मृतिभ्रंशाने हळूहळू हरवत चाललेले वडील आहेत, मुलांची शाळा आहे, नवरा परत आला तर घरी कोणी हवे. प्रत्येक कारण एकटे पाहिले तर पटण्यासारखे आहे. स्वयंपाकघरात उभी राहून ती उद्याचा निर्णय परवावर ढकलते तेव्हा मला पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ शांत बसावे लागले होते. तरीही, आयलिश ही शिकलेली, विज्ञानक्षेत्रात नोकरी करणारी, राजकीय दृष्ट्या जाग्या माणसाशी लग्न केलेली स्त्री आहे. हा पक्ष सत्तेवर कसा आला, शेजाऱ्यांपैकी कोणी त्याला मत दिले, कोणत्या भीतीपोटी दिले, याचा विचार तिच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. तो येत नाही, कारण लेखकाला तिचे संकट कोणत्याही देशाला लागू पडावे असे वाटते. हे मौन लेखकाचे आहे. त्याची भरपाई म्हणून भाषा अधिकाधिक काव्यमय होत जाते, आणि उत्तरार्धात काही ठिकाणी ती पात्रापेक्षा वरच्या पट्टीत गाऊ लागते, असे मला वाटले. तरी शेवटची साठ-सत्तर पाने कोणीही चुकवू नयेत.

पुढे काय वाचावे, यावर माझे पहिले उत्तर सोल्वाई बॅले या डॅनिश लेखिकेची सात खंडांची योजलेली कादंबरी, ‘ऑन द कॅल्क्युलेशन ऑफ व्हॉल्यूम’. पहिला खंड डॅनिशमध्ये २०२० मध्ये आला आणि बार्बरा हॅवलंड यांचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत तो होता. जुन्या ग्रंथांचा व्यापार करणारी तारा सेल्टर १८ नोव्हेंबर या दिवसात अडकते. सकाळ झाली की पुन्हा तीच तारीख. ही कल्पना चित्रपटांनी झिजवलेली आहे, म्हणून मी पुस्तक जरा साशंक मनानेच उघडले होते. पण येथे कोणीही सुधारण्यासाठी दिवस जगत नाही. ताराचा हात एका गॅसच्या शेगडीला भाजतो, आणि ती जखम दिवसागणिक भरत जाते : आधी फोड, मग खपली, मग व्रण. जग थांबलेले आहे, तिचे शरीर थांबलेले नाही, हे आपल्याला त्या जखमेवरून कळते. मग आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात येते. दुकानाच्या फळीवरून तिने उचललेला जिन्नस दुसऱ्या ‘त्याच’ सकाळी परत आलेला नसतो. फळ्या रिकाम्या होत चालल्या आहेत. ती तिच्या जगाला खाऊन संपवते आहे. अशा वेळी काळ का थांबला हे विचारणे माझ्या मनातून आपोआप मागे पडले, आणि हिच्या राहण्याची झळ बाकीच्यांना किती लागणार, हा प्रश्न पुढे आला. लेखिकेने नियम फार थोडे मांडले आहेत, पण मांडलेल्या नियमाचा हिशेब ती कागदावर चोख ठेवते. नवोदित लेखकांनी तर हा खंड पेन्सिल हातात घेऊन वाचावा.

त्याच्या जवळपास बसणारे पुस्तक म्हणजे योको ओगावा यांचे ‘द मेमरी पोलीस’. मूळ जपानी कादंबरी १९९४ ची, पण स्टीफन स्नायडर यांच्या इंग्रजी अनुवादातून २०१९ मध्ये आल्यामुळे जगाने ती नवी म्हणून वाचली. एका बेटावरून एकेक वस्तू नाहीशी होते आणि तिच्याबरोबर तिची आठवणही जाते. पक्षी जातात, गुलाब जातात. दिनदर्शिका नाहीशा होतात तेव्हा आता वसंत येणारच नाही अशी भीती माणसांना वाटू लागते, आणि बर्फ खरोखरच वितळेनासा होतो. निवेदिका स्वतः कादंबरीकार आहे आणि ज्याची स्मृती शाबूत आहे अशा तिच्या संपादकाला तिने घरातल्या चोरकप्प्यात लपवले आहे. तो तिला हरवलेल्या वस्तू दाखवतो, आणि तिच्या मनात काहीच हलत नाही. अनेकांना तिचा आवाज फार थंड वाटतो. माझे मत याच्या उलट आहे : ज्याला काय हरवले हेच आठवत नाही त्याने आक्रोश केला असता तर ते खोटे झाले असते. पोलीस हे का करतात, याचे उत्तर मिळत नाही, आणि आठवणच नसलेल्या माणसाकडून ते मागताही येत नाही.

ज्यांना भव्य, नियमबद्ध जग हवे आहे आणि तरीही वाङ्मयीन गुणवत्तेवर पाणी सोडायचे नाही, त्यांच्यासाठी एन. के. जेमिसिन यांची ‘द फिफ्थ सीझन’पासून सुरू होणारी त्रिधारा आहे. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे तिच्या तीन भागांना ह्यूगो मिळाला. ज्या भूमीवर भूकंप हेच ऋतुमान आहे तेथल्या शिव्याही जमिनीतून आणि धातूतून येतात. ‘गंज’ हा तिथे अपशब्द आहे, आणि पृथ्वीला कोणी माता म्हणत नाही, तिथे ती दुष्ट पिता आहे. हे एक रूपक नीट पाळले की शंभर पानांचे भूगोलवर्णन वाचवता येते. एक कथासूत्र वाचकाला ‘तू’ म्हणत चालते, आणि त्याचे कारण पुढे कळते तेव्हा ती केवळ लकब नव्हती हे पटते.

उलट उदाहरणेही सांगितली पाहिजेत. एमिली सेंट जॉन मँडेल यांची २०१४ मधली ‘स्टेशन इलेव्हन’ मला फार आवडते. साथीने जग ओस पडल्यावर विमानतळावर अडकलेली माणसे निरुपयोगी झालेले फोन, क्रेडिट कार्डे आणि उंच टाचांचे जोडे मांडून संग्रहालय उभे करतात, ते प्रकरण मी कितीदा तरी वाचले आहे. त्यांच्याच २०२२ च्या ‘सी ऑफ ट्रँक्विलिटी’ने मात्र माझी निराशा केली. १९१२ पासून २४०१ पर्यंत कथा फिरते, चंद्रावर वसाहती होतात, पण तेविसाव्या आणि पंचविसाव्या शतकांतली माणसे आपल्याच सारखी वाक्ये आपल्याच लयीत बोलतात. जगण्याची जागा बदलली आणि जिभेवर काहीच परिणाम झाला नाही, हे मला पटत नाही. मार्गारेट अॅटवुड यांच्या ‘द टेस्टामेंट्स’ने २०१९ चे बुकर बर्नार्डीन एव्हरिस्टो यांच्या कादंबरीसोबत विभागून घेतले. तिचा पूर्वभाग असलेल्या १९८५ च्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये हुकूमशाही राजवटीत अडकलेल्या निवेदिकेला फार थोडे दिसते, आणि त्या अपुऱ्या दिसण्यातच दहशत होती. नव्या पुस्तकाने वाचकांचे बरेचसे प्रश्न सोडवले, आणि प्रश्न सुटत गेले तशी ती दहशत ओसरली. त्यातला त्या राजवटीतल्या सत्ताधारी आंट लिडियाचा भाग तेवढा सणसणीत उतरला आहे, कारण तिला सगळे माहीत आहे आणि काय सांगायचे, काय लपवायचे याचा ती क्षणोक्षणी हिशेब करते. लपवणे तिचे आहे. म्हणून ते चालते, नव्हे, खिळवून ठेवते.

सामंथा हार्वी यांच्या ‘ऑर्बिटल’विषयीही नेहमी विचारणा होते. अवकाशस्थानकातली सहा माणसे, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा प्रदक्षिणा. २०२४ चे बुकर. ती विज्ञानकथा नव्हे, तीत अद्भुतही जवळजवळ काही नाही. कथानकाची भूक असेल तर ती हाती घेऊ नये. एका रात्रीत संपवण्यापेक्षा दररोज एक प्रदक्षिणा वाचावी.

आणि ‘पिरानेसी’? त्याविषयी मी मुद्दाम शेवटी लिहिते आहे, कारण तीनांपैकी ते पुस्तक तुम्ही पुन्हा वाचावे अशी माझी विनंती आहे. सुझाना क्लार्क यांची ही दुसरी कादंबरी पहिलीनंतर सोळा वर्षांनी, २०२० मध्ये आली, आणि २०२१ चे विमेन्स प्राइझ तिला मिळाले. असंख्य दालने, पुतळे, खालच्या मजल्यांवर भरती-ओहोटी, आणि या सगळ्यावर निरपेक्ष प्रेम करणारा एक माणूस, जो जगात आजवर एकूण पंधरा माणसे होऊन गेली असे नोंदवतो आणि त्यांतल्या तेरा मृतांच्या अस्थींना नेमाने अन्नपाणी नेऊन ठेवतो. तो वर्षांना आकडे देत नाही, नावे देतो. चालू वर्ष हे नैर्ऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस पक्षी आला त्या घटनेचे वर्ष. तुम्ही म्हणता की पुस्तक खुलासा करत नाही. घराविषयी नाही करत, हे खरे. पण माणसाविषयीचा खुलासा सुरुवातीच्या भागातच डोळ्यांपुढे ठेवलेला आहे. तो आपल्या रोजनिशीच्या वह्यांची यादी देतो. पहिलीवर डिसेंबर २०११ ते जून २०१२ असे लिहिलेले आहे, दुसरीवर जून २०१२ ते नोव्हेंबर २०१२. तिसरीवर आधी नोव्हेंबर २०१२ लिहिले होते, ते खोडून त्या जागी रडण्या-आक्रंदण्याच्या वर्षातली तारीख घातली आहे. तो ही खाडाखोड तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो आणि पुढे जातो, कारण तिचा अर्थ त्याला आता लागत नाही. पहिल्या वाचनात मीही त्या ओळीवरून तशीच पुढे गेले होते.